चिनीमातीचं पिस्तूल

१९९० सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेत 'डाय हार्ड २' प्रदर्शित झाला. नाताळची संध्याकाळ, वॉशिंग्टनजवळचा डलेस विमानतळ, बाहेर बर्फाचं वादळ. विमानतळाच्या आत एक चकमक होते आणि ती संपल्यावर नायक जॉन मॅक्लेन, म्हणजे ब्रूस विलिस, विमानतळ पोलिसांच्या कॅप्टनला चांगलाच झापतो. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: त्या माणसाकडे 'ग्लॉक ७' होतं. ते काय असतं ठाऊक तरी आहे का? जर्मनीत बनलेलं चिनीमातीचं पिस्तूल. तुमच्या एक्स-रे यंत्रात ते दिसत नाही, आणि त्याची किंमत तुमच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त आहे.

जेमतेम दहा-बारा सेकंदांचा संवाद. आता एकेक दावा तपासून पाहू. 'ग्लॉक ७' नावाचं पिस्तूल ग्लॉक कंपनीनं कधीच बनवलेलं नाही. कंपनी जर्मनीची नाही, ऑस्ट्रियाची आहे. तिच्या कुठल्याही पिस्तुलात चिनीमातीचा कणही नाही. एक्स-रे यंत्रात ते स्वच्छ दिसतं. आणि त्या काळी त्याची किंमत होती काही शे डॉलर, म्हणजे कॅप्टनसाहेबांचा महिन्याचा पगार इतका कमी असता तर त्यांनी केव्हाच नोकरी सोडली असती. एका दमात पाच चुका.

ही चूक फक्त सिनेमाची असती तर आपण हसून पुढे गेलो असतो. पण मॅक्लेनच्या तोंडून जी भीती बोलते आहे, ती पटकथाकाराच्या डोक्यात उगवलेली नव्हती. सिनेमाच्या चार वर्षं आधी ती वर्तमानपत्रात छापून आली होती, अमेरिकेच्या संसदेत तिच्यावर सुनावणी झाली होती, आणि सिनेमाच्या दोन वर्षं आधी तिच्यावर कायदाही झाला होता. म्हणजे आधी अफवा, मग कायदा, मग सिनेमा. या सगळ्या गडबडीत त्या पिस्तुलाबद्दलचे खरे प्रश्न मात्र कुणी फारसे विचारलेच नाहीत. ही गोष्ट त्या न विचारलेल्या प्रश्नांची आहे.

'काउंटर-स्ट्राइक' खेळलेल्यांना ग्लॉक हे नाव नवं नाही. पबजीतलं 'पी१८सी' हेही त्याच घराण्यातलं, फक्त नाव बदललेलं. पंजाबी गाण्यांत ते ऐकू येतं, अमेरिकी रॅपमध्ये तर उठताबसता येतं. हे नाव पिस्तुलाचा समानार्थी शब्द बनलं, त्याला फार तर चाळीस वर्षं झाली. त्याआधी ते एका कारखानदाराचं आडनाव होतं, आणि त्या कारखान्यात बनत होत्या पडद्याच्या दांड्या.

दांड्या, चाकू आणि पिस्तूल

गॅस्टन ग्लॉक यांचा जन्म १९२९ सालचा, व्हिएन्नातला. १९६३ मध्ये त्यांनी व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राम गावात कारखाना काढला. खिडक्यांच्या पडद्यांच्या दांड्या, धातूचे आणि प्लास्टिकचे छोटे भाग असं काहीबाही तिथं तयार व्हायचं. पुढे ऑस्ट्रियाच्या लष्कराची कामं मिळाली. सैनिकांसाठी चाकू, मशीनगनच्या गोळ्यांचे पट्टे, सरावाच्या हातबॉम्बची कवचं. प्लास्टिक साच्यात ओतून टिकाऊ वस्तू कशी बनवायची, हे या कारखान्याला पक्कं ठाऊक होतं. पिस्तूल मात्र त्यांनी कधीही बनवलेलं नव्हतं.

ऑस्ट्रियाचं लष्कर तेव्हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं वॉल्थर पी३८ वापरत होतं. आठ गोळ्यांचं, जुनं, जड. १९८० मध्ये संरक्षण मंत्रालयानं नव्या पिस्तुलासाठी अटींची यादी काढली. पिस्तुलात ५८ पेक्षा जास्त सुटे भाग नसावेत, कारण जुन्या वॉल्थरमध्ये तेवढे होते. दोन मीटर उंचीवरून पोलादी पृष्ठभागावर पडलं तरी गोळी सुटू नये. दहा हजार गोळ्या झाडताना वीसपेक्षा जास्त वेळा ते अडकू नये. उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी वापरता यावं.

या स्पर्धेत उतरले होते युरोपातले नावाजलेले शस्त्रनिर्माते. त्यांच्यामध्ये पन्नाशीतले ग्लॉक म्हणजे लग्नात आगंतुक पाहुणा. पण एका अर्थानं तीच त्यांची सोय होती. जुन्या कंपन्यांकडे जुनी यंत्रं होती, जुने साचे होते, 'आपल्याकडे असंच करतात' ही सवय होती. ग्लॉक यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांनी बाजारातली पिस्तुलं विकत आणून खोलली. लष्करातल्या, पोलिसांतल्या जाणकारांना बोलावून साधा प्रश्न विचारला: तुम्हाला पिस्तुलात काय हवंय? नमुने तयार झाल्यावर ते स्वतः ते झाडून पाहत, आणि असं सांगतात की त्यासाठी डावा हात वापरत. स्फोट झालाच तर उजवा हात आराखडे काढायला शाबूत राहावा, म्हणून.

एप्रिल १९८१ मध्ये पेटंटचा अर्ज गेला. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्करानं हे पिस्तूल निवडलं आणि त्याला 'पी८०' असं नाव दिलं. पहिली मागणी सुमारे २५,००० पिस्तुलांची. बाजारातलं नाव 'ग्लॉक १७'. मॅगझिनमध्ये १७ गोळ्या मावतात म्हणून १७, असं पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. पण हा आकडा आला तो पेटंटांच्या क्रमावरून. कंपनीचं ते सतरावं पेटंट होतं. विश्वास बसत नसेल तर 'ग्लॉक १९' बघा. त्याच्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या मावतात.

घोडा नसलेलं पिस्तूल

आता जरा त्याच्या आत डोकावू. त्यासाठी आपल्या भाषेतले दोन शब्द उपयोगी पडतात. बोटानं ओढायचा तो चाप. आणि पिस्तुलाच्या मागच्या टोकाला, हातोडीसारखा जो भाग पुढे आदळून काडतुसाला पेटवतो, तो घोडा. मुंबईच्या टपोरी बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच 'घोडा' म्हणतात.

ग्लॉकला घोडाच नाही. त्याच्या आत स्प्रिंगवर ताणलेली एक पिन असते. चाप ओढला की आधी ती थोडी आणखी मागे ताणली जाते आणि मग सुटून काडतुसावर आदळते. बाहेरून दिसणारं, अंगठ्यानं चालू-बंद करायचं सेफ्टीचं बटणही नाही. त्याऐवजी तीन सेफ्टी आत दडवलेल्या आहेत. पहिली चापाच्या मधोमध बसवलेली छोटी पट्टी. बोट नीट चापावर आलं नाही तर चाप हलतच नाही. दुसरी पिनची वाट अडवते. तिसरी पिस्तूल खाली पडल्यावर पिन सुटू देत नाही. चाप ओढताना तिन्ही एकेक करून उघडतात आणि बोट सोडलं की परत बंद होतात. सगळे मिळून सुटे भाग ३४. मंत्रालयाची मर्यादा ५८ होती.

आणि प्लास्टिक? मूठ आणि तिच्यावरची चौकट, जिला फ्रेम म्हणतात, ती नायलॉनच्या जातीच्या कणखर प्लास्टिकची आहे. पण तिच्यावर पुढे-मागे सरकणारी स्लाइड पोलादाची, नळी पोलादाची, स्प्रिंगा पोलादाच्या, आणि स्लाइड जिच्यावरून सरकते त्या प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पट्ट्याही पोलादाच्याच. रिकाम्या पिस्तुलाच्या वजनाचा सुमारे ८३ टक्के भाग पोलाद आहे. जवळपास अर्धा किलो. त्यात पितळ आणि शिशाच्या गोळ्या भरल्यावर तर विचारायलाच नको.

हे सगळं ग्लॉक यांनी एकट्यानं शोधून काढलं, हीसुद्धा एक दंतकथाच. नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवून ठेवायची युक्ती मुळात जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. प्लास्टिकची फ्रेम असलेलं पिस्तूल जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीनं १९७० मध्येच बाजारात आणलं होतं. आणि अर्धवट ताणलेली पिन? ती तर ऑस्ट्रियाच्या मातीतलीच. १९०७ सालचं रॉथ-स्टायर पिस्तूल ऑस्ट्रिया-हंगेरीच्या घोडदळासाठी बनलं होतं. बिथरलेल्या जनावराच्या पाठीवर हिसका बसला तरी गोळी सुटू नये, म्हणून त्याचा चाप मुद्दाम जड ठेवला होता आणि आत अशीच पिन होती. घोड्यावरच्या सैनिकासाठी घोडा नसलेलं पिस्तूल! ग्लॉक यांचं श्रेय वेगळं आहे. विखुरलेल्या जुन्या कल्पना त्यांनी एका स्वस्त, हलक्या, गंज न धरणाऱ्या वस्तूत अशा बसवल्या की ती हजारोंच्या संख्येनं, एकसारखी बनवता आली.

तीन आठवड्यांची भीती

२७ डिसेंबर १९८५. रोम आणि व्हिएन्ना या दोन विमानतळांवर जवळजवळ एकाच वेळी हल्ले झाले. तिकिटांच्या रांगेत उभे असलेले प्रवासी मारले गेले. हल्लेखोरांच्या हातात कलाश्निकोव्ह रायफली आणि हातबॉम्ब होते. म्हणजे संपूर्ण धातूची, चांगली लांबलचक शस्त्रं.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, जानेवारी १९८६ च्या मध्यावर, 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये जॅक अँडरसन आणि डेल व्हॅन ॲटा यांचा स्तंभ आला. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी ऑस्ट्रियातून प्लास्टिकची पिस्तुलं विकत घेण्याच्या खटपटीत आहे, असं त्यात म्हटलं होतं. शिवाय पेंटागॉनच्या एका अधिकाऱ्यानं चाचणी म्हणून ग्लॉक सुटं करून वॉशिंग्टनच्या विमानतळावरच्या तपासणीतून आत नेऊन दाखवलं, असंही होतं. गद्दाफी, प्लास्टिक, विमानतळ. हे तीन शब्द एका बातमीत आल्यावर लोकांच्या मनात चित्र तयार व्हायला कितीसा वेळ लागणार? 'अपहरणकर्त्यांचं खास पिस्तूल' असं बिरूद त्याला चिकटलं.

त्या चाचणीतून निघणारा निष्कर्ष खरं तर दुसराच होता. एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पोलादी नळी आणि स्लाइड दिसतातच. प्रश्न असतो तो पडद्यासमोर बसलेल्या माणसाला सुट्या भागांमधून पिस्तूल ओळखता येतं का, हा. त्या काळी तपासनीसांना पगार तुटपुंजा आणि प्रशिक्षण बेताचं. पण 'तपासनीस नीट शिकवा' ही काही मथळा होण्यासारखी गोष्ट नाही. 'न दिसणारं पिस्तूल' ही आहे.

मे १९८६ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. हवाई सुरक्षेचे आणि शस्त्रखात्याचे अधिकारी येऊन सांगून गेले की ग्लॉक अस्तित्वातल्या यंत्रांना सापडतं. तरीही चक्र थांबलं नाही. एकीकडे बंदुकांवर नियंत्रण हवं असणारे, दुसरीकडे कुठलंही नियंत्रण नको म्हणणारी बलाढ्य नॅशनल रायफल असोसिएशन. शेवटी १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 'अनडिटेक्टेबल फायरआर्म्स ॲक्ट'वर सही केली. प्रत्येक बंदुकीत निदान ३.७ औंस, म्हणजे साधारण १०५ ग्रॅम पोलादाइतकं तरी यंत्राला सापडेल असं काही असलंच पाहिजे, असा हा कायदा.

ग्लॉकमध्ये याच्या चौपटीहून जास्त पोलाद होतं. त्यामुळे ज्या पिस्तुलामुळे हा सगळा घाट घातला गेला, त्याला कायद्याचा स्पर्शही झाला नाही. साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. कायदा कुणाचंच नुकसान करत नव्हता, म्हणून तो मंजूर करणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

फुकटची जाहिरात

याच सुमारास अमेरिकेत दुसरी एक घटना घडली. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या आठ एजंटांनी दोन दरोडेखोरांना गाठलं. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी. दरोडेखोरही मारले गेले. त्यांचं सर्वांत घातक शस्त्र होतं रायफल. बहुतेक एजंटांकडे मात्र रिव्हॉल्व्हर होती, ज्यांत पाच-सहा गोळ्या झाडल्या की परत भरत बसायचं. देशभरातल्या पोलीस खात्यांनी यातून एकच धडा घेतला: आपल्याकडे गोळ्या कमी पडतात.

नेमकी त्याच वेळी ग्लॉक कंपनीनं जॉर्जिया राज्यातल्या स्मर्ना गावात बस्तान बसवलं होतं. तिच्याकडे १७ गोळ्यांचं, हलकं, स्वस्त, शिकायला सोपं पिस्तूल होतं. आणि ते सगळ्यांना नावानं माहीत होतं, कारण गेले कित्येक महिने वर्तमानपत्रं आणि टीव्ही त्याबद्दलच बोलत होते! पैसे मोजून कुठल्या कंपनीला अशी प्रसिद्धी मिळाली असती? पोलिसांना ते हवंसं वाटलं, आणि पोलिसांच्या कमरेला दिसलं म्हणून नागरिकांनाही.

सिनेमानं यावर शेवटचा हात फिरवला. 'डाय हार्ड २'मधलं ग्लॉक खलनायकांच्या हातात होतं. आठ वर्षांनी आलेल्या 'यू. एस. मार्शल्स'मध्ये टॉमी ली जोन्स हा नायक आपल्या नव्या सहकाऱ्याच्या चकचकीत पिस्तुलाची टर उडवतो आणि 'ग्लॉक घे' असं बजावतो. म्हणजे आधी भीतीनं नाव मोठं केलं, मग रुबाबानं. २००३ मध्ये सद्दाम हुसेन पकडला गेला तेव्हा त्याच्याजवळ ग्लॉक सापडलं. ते पुढे जॉर्ज बुश यांना भेट म्हणून देण्यात आलं. हुकूमशहा आणि त्याला पकडणारा, दोघांनाही मिरवावंसं वाटलेलं हे एकच पिस्तूल.

पडद्यावरचे आवाज

सिनेमात पिस्तूल दिसतं त्याहून जास्त ऐकू येतं. नायक पिस्तूल रोखतो, 'खट्'. धमकी देतो, पुन्हा 'खट्'. हा आवाज घोडा मागे ओढल्याचा. पण हातात ग्लॉक असेल तर ओढायला घोडा आहे कुठे? हा आवाज स्टुडिओत चिकटवलेला असतो. तीच गत गोळ्या संपल्यावरच्या 'टक्-टक्-टक्'ची. ग्लॉकमधली शेवटची गोळी सुटली की स्लाइड मागे जाऊन अडकते. पिस्तूल रिकामं आहे हे लांबूनही दिसतं आणि चाप टकटकवता येत नाही. 'द वॉकिंग डेड' या मालिकेच्या पहिल्याच भागात एका पोलिसाला 'सेफ्टी काढलीस ना?' अशा अर्थाचं बजावलं जातं, आणि त्याच्या हातात असतं ग्लॉक, ज्याला काढायला तसली सेफ्टीच नाही.

हे वाचून 'किती बारकावे काढता!' असं वाटेल. सिनेमा काही शस्त्रांचं प्रशिक्षण देत नाही, हेही खरं. पण हा शेवटचा बारकावा जिवावर बेतणारा आहे. ग्लॉक बनवणाऱ्यांनी एक निर्णय घेतला होता: बाहेरचं बटण काढून टाकायचं आणि सगळा भार बोटावर टाकायचा. चाप ओढायचा नसेल तर बोट चापावर ठेवायचंच नाही. शिस्त असेल तर हे साधं आहे. नसेल तर?

याचं उत्तर मिळालं त्याच वॉशिंग्टन शहरात, जिथं न दिसणाऱ्या पिस्तुलाची आवई उठली होती. तिथल्या पोलिसांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्लॉक घेतली. त्याच काळात घाईघाईनं मोठी भरती झाली आणि प्रशिक्षण अपुरं राहिलं. १९९८ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या बातमीदारांनी दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. चुकून गोळी सुटल्याच्या १२० हून अधिक घटना निघाल्या. १९ पोलिसांनी चुकून स्वतःला किंवा सहकाऱ्याला गोळी घातली होती. काही नागरिक जखमी झाले होते. ज्याला मारायचं नव्हतं असा निदान एक नागरिक मेला होता. पोलिसांच्या गोळीबारावरच्या या मालिकेला १९९९ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. ज्या वर्तमानपत्रात प्लास्टिकच्या पिस्तुलाची भीती छापून आली होती, त्याच वर्तमानपत्रानं बारा वर्षांनी खरा धोका मोजून दाखवला. यंत्र फसवणारं प्लास्टिक हा तो धोका नव्हता. सोपं पिस्तूल आणि न शिकवलेलं बोट यांची गाठ हा होता. यावर सिनेमा निघाला नाही.

जे नव्हतं ते आलं

१९९३ च्या 'इन द लाइन ऑफ फायर'मध्ये जॉन माल्कोविचचा खलनायक घरात बसून बिगरधातूचं पिस्तूल बनवतो, ते तपासणीतून आत नेतो, आणि गोळ्या किल्ल्यांच्या जुडग्यात लपवतो. तेव्हा ही निव्वळ कल्पना होती. वीस वर्षांनी, मे २०१३ मध्ये, टेक्सासमधला कोडी विल्सन हा कायद्याचा विद्यार्थी थ्री-डी प्रिंटरवर छापलेलं 'लिबरेटर' नावाचं पिस्तूल घेऊन आला. एका वेळी एक गोळी, आत पिनेच्या जागी साधा खिळा. त्याची फाइल दोन दिवसांत लाखभर वेळा डाउनलोड झाली. अमेरिकी सरकारनं ती काढायला लावली, पण तोवर ती जगभर पसरली होती.

आणि इथं इतिहासानं गंमत केली. विल्सननं त्या प्लास्टिकच्या पिस्तुलात सहा औंसांचा एक पोलादी ठोकळा बसवला होता. त्या ठोकळ्याचं काम काहीच नव्हतं. तो फक्त १९८८ चा कायदा पाळण्यासाठी होता. अस्तित्वात नसलेल्या पिस्तुलासाठी केलेल्या कायद्याला पंचवीस वर्षांनी त्याचं पिस्तूल भेटलं. मूळचा दहा वर्षांचा तो कायदा १९९८, २००३, २०१३ आणि पुन्हा २०२४ मध्ये वाढवला गेला आहे.

मग १९८६ ची भीती शेवटी खरीच ठरली म्हणायची? अर्धीच. प्लास्टिकमुळे खरी अडचण झाली ती वेगळ्याच ठिकाणी. अमेरिकी कायद्यात 'बंदूक' म्हणजे संपूर्ण वस्तू नव्हे. पिस्तुलाच्या बाबतीत फ्रेम हा भागच कायद्याच्या लेखी बंदूक आहे. अनुक्रमांक तिच्यावर हवा आणि विक्रीची नोंद तिची व्हायला हवी. स्लाइड, नळी, स्प्रिंगा हे नुसते सुटे भाग. आता ग्लॉकमध्ये फ्रेम कशाची आहे? प्लास्टिकची. म्हणजे जो भाग नोंदवहीत जातो, तोच सगळ्यांत स्वस्तात आणि सहज घडवता येतो. ग्लॉकचे सुटे भाग बसतील अशा अर्धवट तयार फ्रेमचे संच बाजारात आले. अर्धवट, म्हणून कायद्यानं बंदूक नाही. बंदूक नाही, म्हणून अनुक्रमांक नाही, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणं नाही. घरी नेऊन काम पुरं केलं की तयार होते 'घोस्ट गन', भुताची बंदूक. २०१७ मध्ये पोलिसांनी अशा सुमारे १,६०० बंदुका माग काढण्यासाठी केंद्रीय खात्याकडे पाठवल्या होत्या. २०२१ मध्ये हा आकडा १९,००० च्या वर गेला.

आपल्याला हे भूत नवं नाही. आपल्याकडे त्याला जुनं नाव आहे: गावठी कट्टा. भारतात ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा परवाना सामान्य नागरिकाला मिळत नाही. ते बोअर निषिद्ध यादीत आहे. ग्लॉक दिसतं ते एनएसजीसारख्या दलांकडे. पण मराठी वर्तमानपत्राचं गुन्हेवृत्ताचं पान उघडा. 'गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त' ही ओळ चार दिवसांत एकदा तरी भेटते. तो कट्टा धातूचा असतो, कुठल्याही यंत्रात दिसतो. दिसत नाही तो फक्त कागदावर. कुणी बनवला, कुणी विकला, कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला, याचा माग लागता लागत नाही. अमेरिकेनं तीच गोष्ट प्लास्टिकमध्ये आणि कुरिअरनं घरपोच करून दाखवली.

आणखी एक प्रश्न उशिरा पुढे आला. मार्च २०२४ मध्ये शिकागो शहरानं ग्लॉक कंपनीवर खटला भरला. एक छोटा बेकायदेशीर जोडभाग लावून हे पिस्तूल मशीनगनसारखं चालवता येतं, हे ठाऊक असूनही कंपनीनं रचना बदलली नाही, असं शहराचं म्हणणं. हा प्रश्नही पोलाद-प्लास्टिकचा नाही, आतल्या रचनेचा आहे. १९८६ च्या सुनावणीत कोणी या रचनेकडे बारकाईनं पाहत बसलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे एक्स-रेच्या पडद्यावर होते.

गॅस्टन ग्लॉक डिसेंबर २०२३ मध्ये, ९४ व्या वर्षी वारले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की असे संच बंदूकच समजून त्यांच्यावर अनुक्रमांक आणि खरेदीदाराची तपासणी बंधनकारक करण्याचा सरकारचा नियम वैध आहे. खटला लढला गेला तो एका आकड्यासाठी.

कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक ग्लॉकवर तो आकडा असतो. प्लास्टिकच्या फ्रेमच्या खालच्या बाजूला, नळीच्या जरा खाली, धातूची एक छोटी पट्टी रुतवलेली असते आणि तिच्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो. तिचं वजन काही ग्रॅम. एक्स-रे यंत्राला ती सापडते की नाही, यानं कुणाला काही फरक पडत नाही. ती नसली, तर मात्र पिस्तूल खरोखरच दिसेनासं होतं.